हातांनी बघणारी

ती आमच्याकडे राहायला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "गो, ही आंधळी हाय काय?"

मी मागच्या पडवीत डोकावले. माझी मैत्रीण डोळे गच्च मिटून खाली बसली होती आणि सासूबाईंच्या जुन्या जात्यावर दोन्ही हात फिरवत होती. आधी कडेने, मग वरून, मग मधल्या भोकात बोट घालून. तिथून उठली ती तशीच, डोळे न उघडता, भिंतीच्या आधाराने न्हाणीपर्यंत गेली. वाटेत बादली होती, तीही तिने चाचपून पाहिली. बादलीची कडी, कडीचा गंज, कडेला गेलेली चीर.

"आंधळी नाही," मी म्हटलं. "सराव करतेय."

कसला सराव, ते सासूबाईंना समजावून द्यायला मला बराच वेळ लागला. पाण्याखाली बुडालेल्या जुन्या वस्तू शोधणं, त्यांचा अभ्यास करणं हे तिचं काम. टीव्हीवर दाखवतात ते निळं, आरपार दिसणारं पाणी आपल्या नशिबी नाही. आपली सावित्री गाळ घेऊन येते. महाडच्या खाली खाडीत बुडी मारली की हातभर खोलीवर स्वतःचा पंजासुद्धा दिसत नाही. दिवा लावला तर उलट धुक्यात गाडीचे लाइट लावल्यासारखं होतं. तिथे जे काय बघायचं ते हातांनी.

"म्हंजे लाइट गेल्यावर भाकरी थापतो तसं," सासूबाई म्हणाल्या, आणि चहा घेऊन स्वतः तिच्याकडे गेल्या.

मी या घरात आल्याला पंचवीसेक वर्षं झाली. शाळेत मी काय शिकवते, असं सासूबाईंनी मला एकदाही विचारलेलं नव्हतं.

आधीच सांगून टाकते: मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. लोक म्हणतात वयाबरोबर हे विझतं. माझा अनुभव तसा नाही.

पुण्याला आम्ही एम.ए.ला एका वर्गात होतो. पाण्याखालचं पुरातत्त्व करायचं हे ठरवलं होतं मी. ती माझ्यामागून आली, कारण तिला एकटीला दुसरं काही सुचत नव्हतं. डायव्हिंगचं पहिलं शिक्षण पोहण्याच्या तलावात झालं. मी लहानपणापासून नदीत पोहलेली. ती तलावाच्या पायऱ्यांवर बसून रडायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खोल बाजूला उतरले तेव्हा माझ्या उजव्या कानात कोणीतरी सुई खुपसावी तशी कळ आली आणि नाकातोंडातून रक्त. डॉक्टरांनी कान तपासला आणि सांगितलं की या कानाने पाण्यात खोल जायचं नाही, या जन्मात नाही. जमिनीवर पुष्कळ इतिहास पडलाय, असंही ते म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले असतील.

मी महाडला आले, हायस्कूलात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. ती पाण्यात राहिली. गुजरातच्या किनाऱ्यावर, लक्षद्वीपला, कुठे कुठे. फोटो पाठवायची. काळ्या पोशाखात, पाठीवर सिलिंडर, ओले केस कपाळाला चिकटलेले. तो फोटो मी मोबाइलवर मोठा करून बघायची. तिच्या चेहऱ्यावर काही तरी कमी असेल, ते शोधत बसायची.

मग तिला मी बोलावलं कशाला? कारण दुसरं कोणी नव्हतं. माझ्या वर्गात खाडीकाठच्या गावांची मुलं असतात. त्यांच्या घरच्यांची जाळी कुठे अडकतात, हे मी वर्षानुवर्षं विचारत आले होते. पाण्याखालची जुनी जागा शोधायची ही पहिली पायरी, पुण्याला शिकलेली. जाळं अडकतं म्हणजे तळाशी काहीतरी आहे. बहुतेक वेळा ते झाडाचं खोड असतं. पण दासगावच्या अलीकडे, जिथे नदी वळण घेते, तिथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची जाळी फाटलेली. महाड हे जुनं बंदर. गांधारपाल्याच्या डोंगरात लेणी खोदायला दान देणारे व्यापारी इथून आले-गेले असणार. त्या वळणावर त्यांचं एखादं जहाज असेल, त्यात दूरदेशीच्या सुरया असतील, असं मी मुलांना सांगायची. आधी 'असेल' म्हणायची. नंतर नंतर 'आहे' म्हणायला लागले होते.

तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. बघू या." पुढच्या हिवाळ्यात दोन पाणबुडे आणि एक टेम्पोभर सामान घेऊन ती हजर झाली. पाणबुडे लॉजवर उतरले. ती आमच्याकडे.

तिच्या तऱ्हा गावाला आठवडाभरात पाठ झाल्या. बाजारात भाजी घेताना ती डोळे मिटून वांगी चाचपायची. भाजीवाली हसायची आणि मग तिच्यासाठी वेगळी काढून ठेवायची. ती कधी हौसेने पोहली नाही. शाळेतल्या मुलींनी विचारलं तर म्हणाली, "पोहायला मला आवडत नाही. मी पाण्यात कामाला जाते. तुम्ही ऑफिसात कोणी नाचता का?" 'सापडलं' हा शब्द तिला चालायचा नाही. एखादी गोष्ट हाताला लागली की 'लागली' म्हणायचं. मोजून, चित्र काढून, पुन्हा दुसऱ्याने खाली जाऊन खात्री केली की मग 'आहे'. आणि 'खजिना' हा शब्द कोणी उच्चारला तर ती त्याला समोर बसवून काथ्याच्या दोरीबद्दल इतकं सांगायची की तो माणूस पुन्हा त्या रस्त्याने यायचा नाही. आमच्या ह्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात ती तासन्‌तास उभी राहायची, डोळे मिटून खिळे ओळखत. गिऱ्हाइकं जमायची. ह्यांनाही कौतुक.

लाकडाचं तर विचारू नका. चाचणीच्या पहिल्या बुडीत तळातून एक कुजकं लाकूड वर आलं. पाण्यात शेकडो वर्षं राहिलेलं लाकूड बाहेर काढून सुकू दिलं की आतून आक्रसतं, तडकतं आणि भुगा होतं, म्हणून ते पाण्यातच ठेवावं लागतं. आमचा पाण्याचा निळा ड्रम त्यासाठी गेला. पाणी रोज बदलायचं काम सासूबाईंनी स्वतःहून अंगावर घेतलं. माझ्या तुळशीला पाणी घालायला सांगितलं तर ज्यांची कंबर धरायची, त्या रोज सकाळी बादल्या उचलत होत्या. "जीव हाय त्याच्यात," त्या म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, ते झाडाचं खोड आहे नुसतं. तिनेच सांगितलं." तर म्हणाल्या, "मंग काय झालं? पावणा हाय."

आमचं मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, कापड्याला. तिथून माझे चुलत सासरे आले एके दिवशी. वय ऐंशीच्या पुढे, ताठ, कमी बोलणारे. लग्नाकार्याचं आमंत्रण द्यायला गेलो तरी ओटीवरून बोळवण करणारे. ते आमच्या घरी चपला काढून आत येऊन बसले आणि तिला म्हणाले, "बाय, आमच्या डोहात देवळाची घंटा हाय. तेवढी काढून दे."

गावातली जुनी गोष्ट. कधी काळी पुरात देऊळ वाहिलं, घंटा डोहात गेली, आणि अवसेला पाण्यातून तिचा आवाज येतो. मी ती गोष्ट लग्न झाल्यापासून ऐकत होते आणि हसून सोडून देत होते. तिने हसून सोडून दिली नाही. तिने काकांना विचारलं की आवाज कोणी ऐकला, कुठल्या बाजूने, पाणी किती होतं तेव्हा. काका सांगत गेले. माझ्या आज्यानं ऐकली, म्हणाले. त्यांच्या आज्याबद्दल ते इतकं बोलू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं.

मग ती खरंच कापड्याला गेली. लोखंड, धातू ओळखणारं एक यंत्र असतं तिच्याकडे, दोरीला बांधून पाण्यातून फिरवायचं. ते तिने डोहावर टोकापासून टोकापर्यंत, नांगराचे तास घालावेत तसं ओळीने फिरवलं. मग लांब सळई घेऊन तळाच्या गाळात खुपसत गेली. सळई लाकडाला लागली की बोद आवाज येतो, दगडाला लागली की हाताला झिणझिण्या येतात, आणि धातू वेगळाच कळतो. मग स्वतः उतरली. सगळं गाव काठावर. बायका नारळ घेऊन आलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर आली, मास्क काढला आणि सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, घंटा नाही. मी सगळा तळ हातांनी बघितला. पण खाली कातळात ओळीने खोबण्या आहेत, खांब उभे करायला केलेल्या. इथून कधी काळी पलीकडे जायला लाकडी साकव होता."

मला वाटलं, आता काका बोलणार. माणसाच्या आज्याला खोटं पाडलं होतं तिने, सगळ्या गावासमोर. मी, खरं सांगते, जराशी खूशच होते.

काकांनी एकदा डोहाकडे बघितलं. मग म्हणाले, "नाय तर नाय. आता डोक्यातून गेली." आणि घरी चल म्हणाले, जेवायला. त्यांनी तिला स्वतःच्या शेजारी पाटावर बसवलं. मी सून, वाढायला.

परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, "थोडं गोड करून सांगायचं. म्हातारा माणूस."

"खोटं सांगितलं असतं तर ते उद्या पुन्हा कोणाला तरी खाली पाठवतील," ती म्हणाली. "नाही हे पण बघून सांगावं लागतं. नाही सांगायलाच जास्त बघावं लागतं."

हे तिचं वाक्य मी नंतर वर्गात वापरलं. माझं म्हणून.

खाडीतल्या वळणाचं काम सुरू झालं तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी होडीवर असायची. आवाज पाठवून तळाचं चित्र काढणारं एक यंत्र होडीमागे बांधून आम्ही वळणावर येरझाऱ्या घातल्या. लॅपटॉपवर भुरकट चित्र सरकत होतं, कापडाचा तागा उलगडावा तसं. गाळ, गाळ, एक खोड, गाळ. आणि मग काहीतरी लांबट, फासळ्या असल्यासारखं. जाळी फाटायची तीच जागा, मी सांगितलेली. होडीत सगळे एकदम पुढे झुकले. मी तिच्याकडे बघत होते. ती चित्राकडे बघतच नव्हती. नदीचं पाणी कुठल्या दिशेने वळतंय ते बघत होती.

बुडी मारायची ती भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या आधी पाणी जरा थांबतं तेव्हाच. एरवी ओढ इतकी की माणूस तळाला टिकायचा नाही. त्यातही अष्टमीच्या आसपासचे दिवस चांगले, भांगाची भरती, जोर कमी. ती खाली गेली की तिच्या कमरेची दोरी वर कोणाच्या तरी हातात लागायची. दोरीचा एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे सैल सोड. हिसक्यांवर हिसके म्हणजे ओढून घे. ती दोरी ती मला द्यायची. पाणबुड्यांपैकी कोणी वर मोकळा असला तरी मलाच. का, ते मी कधी विचारलं नाही. दोरी हातात घेऊन मी होडीच्या कडेला बसायची आणि खाली, जिथे मी असायला हवी होते, तिथे ती आहे हे मला दोरीतून कळत राहायचं. ती कुठे थांबली, कुठे वळली, कशावर हात ठेवून स्तब्ध झाली. असं तासभर बसून बघा एकदा.

पहिल्या आठवड्यात एक पाणबुडा वर आला आणि त्याला धीर धरवेना. गोल दगड आहेत म्हणाला, खूप, एकावर एक, मध्ये भोक. जुन्या काळी जहाजाचे नांगर दगडाचे असत, भोक पाडून दोरी ओवलेली. इतके नांगर म्हणजे मोठं बंदर. मी तिला म्हटलं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

ती खाली गेली. दोरी एका जागी थांबली ती थांबलीच. पाणी पुन्हा ओढ घ्यायला लागलं तरी ती वर येईना. मग एक हिसका, आणि ती आली. होडीच्या कडेला लटकून तोंडातली नळी काढली आणि हसायला लागली. मी तिला इतकं हसताना कॉलेजात असतानाही पाहिलं नव्हतं.

"जाती आहेत," ती म्हणाली. "तुझ्या सासूबाईंची असतात तशी जाती. खालच्या तळीला खुंट्याची खोबण आहे. वरच्या पाळूला दाणे टाकायचं तोंड आहे. आणि टाकी लावलेली आहे गं, दळायला घातलेले छिन्नीचे टोचे, सगळ्यांना, कोरी. एकही झिजलेलं नाही."

म्हणजे नवी जाती. डोंगरातल्या काळ्या दगडाची घडवून, पडावात भरून, खाडीने खाली विकायला चाललेली. जहाज नव्हतंच ते. आपला साधा माल वाहणारा पडाव, वळणावर भार एका अंगाला गेला असेल आणि उलटला असेल. दूरदेशाच्या सुरया नाहीत, व्यापारी नाहीत. कुठल्याशा पाथरवटांची वर्षभराची मेहनत.

गावात बातमी पसरली तेव्हा लोक म्हणाले, जाती? एका बातमीदाराने विचारलं की सोन्याचं काही नाही का. तिने त्याला बसवून टाकी कशी लावतात ते सांगितलं. मी वर्गात गेले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, ते व्यापाऱ्यांचं जहाज?" मी म्हटलं, पुस्तकं उघडा.

माझी जागा बरोबर निघाली होती आणि माझी गोष्ट बुडाली होती. तिने माझ्या गोष्टीला नावही ठेवलं नाही. तिने फक्त खाली हात लावून बघितलं. याच्यापेक्षा तिने मला चार लोकांत खोटं पाडलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्याच सुमारास नदीतला गाळ काढायचं काम वर आलं. आदल्या पावसाळ्यात पूर आला होता; आमच्याही तळमजल्यात छातीपर्यंत पाणी, दुकानातला माल सगळा गंजून गेला. गावाची एकच मागणी होती, नदी मोकळी करा. ते काम सरकत सरकत वळणापर्यंत येणार, आणि तिथल्या गाळाबरोबर पडावही जाणार, हे दिसत होतं. मी रात्रंदिवस याचाच विचार करत होते. अर्ज करू, वरपर्यंत जाऊ, वळण वगळून घेऊ. हिच्या शब्दाला वजन होतं. हिने ठाम सांगितलं असतं तर काम थांबलं असतं.

बैठक झाली. सभागृह भरलेलं. एक मनुष्य उठून म्हणाला की माझी आई पुरात माडीवर तीन दिवस अडकली होती, आणि तुम्ही जात्यांसाठी गाळ ठेवायला सांगताय का? सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. माझीही.

ती उभी राहिली. म्हणाली, "गाळ काढा. फक्त एक करा, खालच्या टोकाकडून सुरुवात करा आणि वर या. वळणावर शेवटी पोचा. तोपर्यंत आम्ही आमचं आटपतो."

इंजिनिअरने मान डोलावली. मिनिटभरात विषय संपला.

घरी आल्यावर मी तिला बोलले. ती जागा माझी होती, वीस वर्षं मी ती सांभाळली, पाण्याखालची जागा शक्यतो हलवायची नाही हे तुमचंच शास्त्र सांगतं, आणि तू एका वाक्यात देऊन टाकलीस. आणखीही बोलले. कानाचं बोलले. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

तिने मला थांबवलं नाही. मी संपवल्यावर म्हणाली, "तुझ्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. मी रोज हात लावते तिला. ज्याच्या घरात गाळ शिरलाय त्याला गाळाचं महत्त्व सांगायला मी नाही आले."

खरं तेच बोलत होती, आणि माझ्याच घराच्या भिंतीवरून.

पुढचे दिवस त्यांनी झपाटल्यासारखं काम केलं. तळाला पडावाच्या लांबीने एक दोर ताणून बांधला, ठरावीक अंतरावर गाठी मारलेला. अंधारात गाठ मोजायची, तिथून प्रत्येक जातं, प्रत्येक फळी किती हात दूर ते चाचपून मोजायचं, वर येऊन सांगायचं, पुन्हा जायचं. वर मी आणि दुसरा पाणबुडा कागदावर मांडत जायचो. दोघांची मापं जुळली नाहीत तर ती तिसऱ्यांदा खाली. हळूहळू कागदावर पडाव उमटला, कोणीच न पाहिलेला. जाती एकेक करून वर घेतली. खालून मशीनचा आवाज दर दिवशी जवळ येत होता.

अमावास्येला उधाणाची ओहोटी होती. पाणी नेहमीपेक्षा फार खाली गेलं आणि पडावाचं काठाकडचं टोक कमरेइतक्या पाण्यात आलं. सकाळची वेळ होती. ती होडीतून उतरली आणि माझ्याकडे हात केला.

"ये. कान बुडवायला लागणार नाही."

मी साडी खोचून उतरले. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत गेले. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, डोळे मीट. मी म्हटलं, पाणी एवढं गढूळ आहे, उघडे ठेवून तरी काय दिसणार. "उघडे असले की डोकं त्यांचंच ऐकतं," ती म्हणाली. मी मिटले.

तिने माझा हात खाली नेला. आधी नुसता लोण्यासारखा गाळ. मग कड. लाकूड, पण मऊ, साबणासारखं. मी बोटं पुढे नेली. फळीच्या कडेने बारीक भोकं होती, सारख्या अंतरावर, आणि भोकांतून काहीतरी खरखरीत ओवलेलं. काथ्या. दोन फळ्या खिळ्यांशिवाय एकमेकींना शिवलेल्या, गोधडी शिवावी तशा. एका ठिकाणी टाका चुकला होता. शिवणाऱ्याने भोक जरा बाजूला पाडलं, मग ते सोडून शेजारी दुसरं पाडलं. माझं बोट त्या फुकट गेलेल्या भोकात गेलं आणि मी तशीच उभी राहिले. त्या माणसाने तेव्हा काय शिवी हासडली असेल ती मला जवळजवळ ऐकू आली.

मला रडू आलं. ती समजली असणार, आनंदाने. थोडा आनंद होताही. पण मुख्य वेगळंच होतं. इतकी वर्षं मी ज्याचा हेवा करत होते ते फोटोतलं होतं: काळा पोशाख, ओले केस, लोकांचं बघणं. खरं काय आहे ते आता हाताला लागलं, आणि ते तिला रोज मिळत होतं. मला एका ओहोटीपुरतं. त्या सकाळपासून माझा हेवा कमी नाही झाला. त्याला तळ सापडला. तिच्या भाषेत सांगायचं तर, लागला होता, आता 'आहे' झाला.

महिन्याभरात मशीन वळणावर पोचलं. आम्ही काठावर उभ्या राहून बघितलं. शिवणीच्या फळीचा एक तुकडा आणि जाती तेवढी पुण्याला गेली. बाकीचा पडाव गाळाबरोबर गेला. काम बंद होईपर्यंत ती जागची हलली नाही.

तिला पोचवायला मी पोलादपूरला गेले. तिला साताऱ्याला बहिणीकडे जायचं होतं, आंबेनळी घाटाने. स्टँडवर बसला वेळ होता, आम्ही चहा घेतला. निघताना सासूबाईंनी तिला स्वतःची एक शाल दिली होती, माझ्या लग्नात त्यांना आलेली. ती शाल मांडीवर घेऊन बसली होती. मला राहवलं नाही. मी तिला सरळच विचारलं, "एक सांग. तुला कधी माझा हेवा वाटला का? घर, माणसं, मुलगी. रोज संध्याकाळी कोणीतरी वाट बघतंय. कधी तरी?"

मला हो हवं होतं. थोडं जरी असतं तरी चाललं असतं. बायका एकमेकींना असं देतात, द्यावं लागतं.

तिने चहा खाली ठेवला आणि विचार केला, प्रामाणिकपणे, जणू मी तिला कुठेतरी खाली बघून यायला सांगितलं होतं. बस फलाटाला लागली, कंडक्टरने महाबळेश्वर, सातारा असा पुकारा केला, लोक उठले. ती बसूनच.

मग म्हणाली, "नाही गं. बघितलं मी. नाही."

आणि पिशवी उचलून बसमध्ये चढली. खिडकीतून हात केला.

महाडच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. नदी रस्त्याच्या बाजूने येत होती, मध्येच झाडांत जात होती, पुन्हा येत होती. सगळा रस्ता मी चिडलेली होते. थोडं खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण गाव जवळ आलं तसं मला हलकं वाटायला लागलं, आणि का ते उतरता उतरता कळलं. ती हो म्हणाली असती तर मला तिची कीव करावी लागली असती. मग माझ्या इतक्या वर्षांच्या हेव्याचं मी काय केलं असतं?